दोरीबाहेरची शर्यत

ऑगस्ट लागला की सिडनीच्या आमच्या गिरावीन उपनगरात वॉटल फुलतो. आपल्याकडच्या बाभळीची ही लांबची बहीण. तेच पिवळे मऊ गोंडे, फक्त काटे नाहीत. पश्चिमेकडून कोरडा वारा सुटतो, गोंडे झडतात, गाड्यांच्या काचांवर पिवळी भुकटी बसते आणि हिवाळा सरत आल्याचं कॅलेंडर न बघता कळतं. इथल्या लोकांना हे दिवस आवडतात. मी मात्र तो पिवळा रंग दिसला की खिडकी लावून घेते. त्यात परागकणांचा दोष थोडा आणि एका जुन्या ऑगस्टचा जास्त. साथीचं ते दुसरं वर्ष होतं, आणि त्या वर्षीचा सगळा वॉटल आम्ही खिडकीतून पाहिला.

त्या दिवसांचे आवाजच वेगळे होते. ट्रेन रिकाम्या जायच्या आणि त्यांची धडधड पोकळ वाटायची. हेलिकॉप्टर रोज यायचं, छपरांवरून घिरट्या घालायचं आणि गल्लीतले कुत्रे त्याच्यावर भुंकून दमायचे. साथ सगळ्या सिडनीत होती, पण सर्वांत कडक नियम आमच्या पश्चिमेकडच्या उपनगरांना होते. बाहेर पडायचं ते कामाला, किराण्याला, औषधाला. आणि व्यायामाला दिवसातून एक तास, तोही घराच्या आसपास. रस्त्यांवर पोलीस असायचे, पुढे त्यांच्या जोडीला सैनिकही आले. त्याच आठवड्यांत पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर लोक टॉवेल पसरून उन्हात पहुडलेले टीव्हीवर दिसत. मी पॅरामॅटातल्या ऑफिसचं काम जेवणाच्या टेबलावरून करत होते. एका मीटिंगमध्ये समुद्राजवळ राहणारी माझी सहकारी हसून म्हणाली, "इट्स ऑलमोस्ट लाइक अ हॉलिडे, इझन्ट इट?" मी म्यूटवर होते. म्यूटवरच राहिले.

घरात आम्ही दोघीच. माझा नवरा कामासाठी मेलबर्नला गेला आणि राज्यांच्या सीमा बंद झाल्यावर तिकडेच अडकला. मैत्री, आमची मुलगी, तेव्हा सोळा वर्षांची होती आणि आठशे मीटर धावत होती. ही विचित्र शर्यत आहे. शंभर मीटरसारखी डोळे मिटून सुटता येत नाही आणि लांब पल्ल्यासारखा श्वास जपताही येत नाही. मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत डोकं शांत ठेवायचं आणि दुसऱ्या फेरीत सगळं अंग पेटलेलं असताना वेग वाढवायचा. मैत्रीला हे जमायचं. शाळेत असताना मी धावण्याच्या तासाला पोट दुखतंय म्हणून सावलीत बसणारी. माझ्या पोटी ही कुठून आली, याचं मला कायम नवल वाटायचं. त्या वर्षी राज्यपातळीच्या स्पर्धेसाठी तिची पहिल्यांदाच निवड झाली होती. मग स्पर्धा पुढे गेल्याचं कळलं, आणि थोड्या दिवसांनी रद्द झाल्याचं. ती मात्र रोजच्या त्या एका तासात पार्कात फेऱ्या मारत राहिली.

पार्कात तिला पोलिसांनी अनेकदा थांबवलं. ते उद्धटपणे वागले असं मी म्हणणार नाही. कुठे राहतेस, कधी निघालीस, ओळखपत्र आहे का, मास्क कुठे आहे. धावताना मास्क लागत नाही हे ती दर वेळी सांगायची, आणि ते "नो वरीज" म्हणून सोडायचे. पण आठशे मीटरवाल्या मुलीला फेरीच्या मध्यावर थांबवलं की तिची लय मोडते. घरी येऊन ती पाणी प्यायची आणि म्हणायची, "अगेन." एवढंच.

आणि मग तो फोटो आला. आमच्या उपनगराच्या फेसबुक ग्रुपवर कुणीतरी गाडीतून काढून टाकलेला. धावणारी मैत्री, वेणी हवेत, तोंडावर मास्क नाही. वर लिहिलं होतं, आम्ही सगळे घरात बसलोय आणि ही लोकं बघा. खाली प्रतिक्रियांची रांग. यांच्यामुळेच आपण कोंडले गेलोय. यांना नियम कळत नाहीत. यांना परत पाठवा. आणि त्या सगळ्यांत एक आपल्याच देशाची बाई, हिंदीत: अपने बच्चों को घर में रखो, सबका नाम ख़राब होता है.

मी तक्रार केली आणि संध्याकाळपर्यंत फोटो निघाला. पण तोवर मैत्रीने सगळं वाचलं होतं. यांना परत पाठवा म्हणणाऱ्यांपेक्षा तिला त्या हिंदी वाक्याने जास्त लागलं. "शी थिंक्स आय डिड समथिंग राँग, आई. शी नोज मी. मी त्यांच्या मुलीला स्विमिंगला सोडायचे."

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी पडदा सरकवला तर तिने पांघरूण डोक्यावर ओढलं. "आय एम डन."

आमच्या शेजारी, कुंपणापलीकडे, आँटी जून राहायच्या. त्या अ‍ॅबोरिजिनल, या भूमीच्या मूळच्या माणसांपैकी. आँटी ही त्यांच्यात वडीलधाऱ्या बाईला द्यायची मानाची हाक, आपण काकू म्हणतो त्याहून वजनदार. पंच्याहत्तरीच्या होत्या, दम्याने बेजार, मुलगी दूर डब्बोला. मी मूगडाळीची खिचडी केली की डबा कुंपणाच्या खांबावर ठेवून मागे सरायचे आणि मग त्या पुढे येऊन तो उचलायच्या. साथीने शिकवलेलं हे अंतर त्या चेष्टेवारी न्यायच्या. "माझ्या लोकांना या देशात नियम पाळायला शिकवावं लागत नाही, लव्ह. आमचं आयुष्यच त्यात गेलं." त्यांचं बोलणं अर्थात इंग्रजी, मी ते मराठीत सांगते आहे, पण तो 'लव्ह' तसाच ठेवते. त्याला मराठी नाही.

त्यांनीच विचारलं, "पोरगी दिसत नाही धावताना?"

मी सांगितलं. फोटोचं, प्रतिक्रियांचं, पांघरुणाचं. त्यांनी ऐकून घेतलं. मग खुर्ची ओढून कुंपणाजवळ बसल्या आणि त्यांच्या आजीची गोष्ट सांगू लागल्या. तिला त्या नॅन म्हणत, नाव एल्सी.

गेल्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. एल्सीचे लोक दूर पश्चिमेला नदीकाठच्या मिशनवर राहायचे. मिशन म्हणजे मूळच्या माणसांना गावापासून वेगळं ठेवायला आखलेली वस्ती. वर एक गोरा मॅनेजर, आणि बाहेर पडायला त्याची परवानगी. हे ऐकताना मला काही समजावून घ्यावं लागलं नाही. गावकुसाबाहेरची वस्ती मला माहीत होती.

गावात वर्षातून एकदा मोठा मेळा भरायचा. जनावरं, लोणची, केक आणि शर्यती. एल्सीचे भाऊ पुरुषांच्या शर्यतीत धावायचे, कारण त्यांच्यावर गोऱ्यांच्या पैजा लागायच्या. एल्सी भावांपेक्षा वेगवान होती. घोडे सुटून पळाले की ते धरून आणायला मॅनेजर तिलाच पाठवायचा. सतरा-अठरा वर्षांची असताना ती मेळ्यात मुलींच्या शर्यतीपाशी गेली आणि तिथल्या माणसाला म्हणाली, मलाही पळायचंय.

"तो काय म्हणाला माहितीये?" आँटी जून म्हणाल्या. "म्हणाला, ही लेडीज रेस आहे. तू लेडी नाहीस."

मैदानाच्या कडेने दोरी बांधलेली होती. एल्सी दोरीच्या बाहेर, प्रेक्षकांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. आतल्या मुली रांगेत उभ्या राहिल्या तशी तीही राहिली. बंदूक वाजली आणि ती पळाली. अनवाणी, मिशनने दिलेला जाड झगा गुडघ्यांवर धरून, लोकांच्या अंगाखांद्यांना चुकवत, एका बाईच्या पिकनिकच्या चादरीवरून. आत चांगलं गवत होतं, बाहेर ढेकळं. दोरी संपली तिथे ती पहिली पोहोचली, तेही आतल्या सगळ्यांच्या बरीच पुढे.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. कुणीतरी टाळी वाजवली, कुणीतरी संत्र्याची सालं फेकून मारली. विजेतीचा बिल्ला आत पहिल्या आलेल्या दुकानदाराच्या मुलीला लावला. त्या मुलीने नॅनकडे बघितलं. तिला माहीत होतं. नॅनचा तिच्यावर कधीच राग नव्हता. म्हणायची, बिचारीला तो बिल्ला घरी न्यावा लागला."

पुढच्या वर्षी मिशनच्या माणसांना मेळ्याच्या फाटकावरच अडवलं. एल्सी तोवर तिथे नव्हतीच. मॅनेजरने तिला सिडनीला एका बंगल्यात कामाला पाठवून दिलं होतं. तिने तिथे कपडे धुतले, मुलं सांभाळली. ती मुलं समुद्रकाठी बांधलेल्या पोहण्याच्या तलावात जायची, तेव्हा ही टॉवेल घेऊन बाहेर बसायची. पुन्हा कुठल्याही शर्यतीत ती धावली नाही. फक्त म्हातारपणी नातवंडांशी फाटकापर्यंत पळायची. "आणि एकदाही मुद्दाम हरली नाही. आम्ही रडायचो, तरी नाही."

त्या दुपारनंतर मी सवड मिळेल तसं त्या काळाबद्दल वाचत गेले. कुठे काळ्या धावपटूला हौशी खेळाडू मानायला, म्हणजे स्पर्धेत घ्यायलाच, नकार. कुठे बाईने पुरुष प्रेक्षकांसमोर पोहू नये असा दंडक. मला हादरवलं ते या नकारांच्या सभ्यपणाने. कुणी उघड दुष्टपणे बोलत नव्हतं. बायकांना नको म्हणायचं ते त्यांच्या प्रकृतीच्या काळजीपोटी, काळ्यांना नको म्हणायचं ते खेळ निकोप राहावा म्हणून. मी टेबलाशी बसून हे वाचायचे आणि वरून हेलिकॉप्टर जायचं. साथ खरी होती, हे मला ठाऊक होतं. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याच्या नातेवाइकांच्या फोनवर रोज एक मृत्यू ऐकला होता. लस मिळताच मी घेतली होती. अंतर ठेवायला माझी ना नव्हती. पण कुणापासून किती अंतर, हे ठरवताना कुणाचा हात नकाशावरून फिरला आणि तो आमच्याच उपनगरांवर येऊन का थांबला, हा प्रश्न मनातून जात नव्हता. आजही गेलेला नाही.

अण्णांना, माझ्या वडिलांना, मी एल्सीची गोष्ट फोनवर सांगितली. ते कराडला असतात. जय भीम झाल्यावर रोज आमचं बोलणं ऑक्सिजनची पातळी आणि भाजी यांवर संपायचं. त्या दिवशी मात्र त्यांनी एल्सीचं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या पणजोबांचं तुला सांगितलंय का मी?"

मला हलगीपुरतं माहीत होतं. गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड लागायचा, तेव्हा हलगी वाजवायची आमच्या लोकांनी आणि मातीत उतरायचं दुसऱ्यांनी. पणजोबा राणबा तिथे हलगी वाजवायचे. बाकीचं अण्णांनी त्या दिवशी सांगितलं.

राणबा बघून-बघून कुस्ती शिकले होते आणि नदीच्या वाळूत भावांशी खेळायचे. पहिल्या महायुद्धात पलटणीत गेले आणि तिथे जोडीदारांशी कुस्त्या मारल्या, जिंकल्या. परत आल्यावर जत्रेत त्यांनी हलगी खाली ठेवली, लंगोट कसला, फडात उतरले आणि शड्डू ठोकला.

"कुणी आलं नाही पुढे," अण्णा म्हणाले. "कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसते बसून राहिले सगळे. कुस्ती म्हणजे अंगाला अंग लावायचं. कोण लावणार? उन्हात किती तरी वेळ उभे होते ते. मग बाहेर आले आणि हलगी उचलून घरी गेले. दुसऱ्या दिवशी गावाने फडातली वरची माती खरवडून काढली, बाटली म्हणून. ती वाहून न्यायचं काम कुणावर? आपल्यावरच. राणबांनी ती माती टोपल्या-टोपल्यांनी आपल्या वस्तीमागे नेऊन टाकली आणि पसरली. माझे वडील त्याच मातीत कुस्ती शिकले."

हे मी दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी सांगितलं तेव्हा आँटी जून हसत सुटल्या. हसता-हसता खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसू थांबेना. "त्यांनी तुम्हाला मातीच देऊन टाकली! चांगली होती का?"

"फडाची माती, आँटी. तेल, ताक, हळद घालून मळलेली. उत्तम."

"नॅनला आवडलं असतं हे," डोळे पुसत त्या म्हणाल्या.

मैत्री मागच्या पायरीवर येऊन उभी होती, हे आम्हाला दोघींनाही कळलं नव्हतं. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ती काहीतरी छान बोलेल. ती चिडलेली होती.

"सो दे बोथ लॉस्ट," ती म्हणाली. "म्हणजे ते दोघं इतके ग्रेट होते आणि काहीच झालं नाही. हे मला का सांगताय? मी उठून धावावं म्हणून? आय डोन्ट वाँट टू बी समवन्स इन्स्पिरेशन. मला फक्त माझी शर्यत हवी होती."

"मैत्री, आँटींशी असं—"

"राहू दे," आँटी जून मला म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. "खरं आहे तुझं. मी तुला धाव म्हणत नाही. नॅनसुद्धा माझ्यासाठी धावली नव्हती, माझ्या लोकांसाठीही नाही. तिला धावायचं होतं, आणि तो बिल्ला हवा होता. पुढची सगळी वर्षं तिला तो हवाच होता. मी गोष्ट सांगते तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. तिला त्या टाळ्यांचा काय उपयोग?"

मैत्री पायरीवर बसली. मग एकदम रडायला लागली. फोटो आल्यापासून पहिल्यांदाच. मी तिला जवळ घेतलं. आँटी जून कुंपणापलीकडे, दोन्ही हात मांडीवर ठेवून तशाच बसून राहिल्या. उठून आत जाणं त्यांना बरोबर वाटलं नसावं, आणि जवळ येणं शक्य नव्हतं.

त्यानंतर मैत्री रोज दुपारी अभ्यासाचं घेऊन मागच्या अंगणात बसायची आणि त्या दोघी काहीबाही बोलायच्या. धावण्याबद्दल नाही. मासे कसे धरायचे, मुलांशी कसं बोलू नये, असलं काहीतरी. हसण्याचे आवाज माझ्या मीटिंगमध्ये यायचे. ते तीनचार आठवडे, सगळं बंद असताना, आमच्या घरातले सगळ्यात चांगले होते, असं आता वाटतं.

सप्टेंबरात आँटी जूनना ताप आला. अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा भर दुपार होती, रस्ता उन्हाने लखलखत होता. पायापासून डोक्यापर्यंत झाकलेल्या दोन माणसांनी त्यांना खुर्चीवरून नेलं. मैत्री फाटकाशी उभी होती. आँटींनी मास्क खाली ओढला, काहीतरी म्हणाल्या, पण ते आमच्यापर्यंत पोहोचलं नाही. मैत्री ओरडली, "व्हॉट?" तोवर दार लागलं.

त्या परत आल्या नाहीत. शेवटी त्यांच्याजवळ एक नर्स होती, असं डब्बोहून त्यांच्या मुलीने कळवलं. तिलाही येता आलं नव्हतं. अंत्यविधी त्यांच्या गावी, नदीकाठी झाला, मोजक्याच माणसांत. आम्ही तो जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपवर पाहिला. तिकडे वारा इतका होता की बोलणारे ऐकू येत नव्हते. फक्त झाडं हलताना दिसत होती. मैत्री स्क्रीनच्या अगदी जवळ तोंड नेऊन ऐकत होती. चित्र मध्येच थिजलं आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा माणसं पांगली होती.

मैत्री त्यानंतर धावायला लागली का? नाही. बंधनं उठली, मैदानं उघडली, प्रशिक्षकांचे फोन आले. ती गेली नाही. पुढल्या वर्षीही नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी निसटलेला वेग नंतर सहज सापडत नाही म्हणतात. लोक विचारतात तेव्हा मी लॉकडाऊनमुळे सुटलं म्हणते, आणि ते खोटं नाही. पण ती साथ तिच्या पायांपर्यंत आजार म्हणून आली नव्हती. ती एका फोटोतून आली होती. आता तो टाकणाऱ्याला आठवतही नसेल.

आता ती युनिला आहे, फिजिओथेरपी शिकते. गेल्या वर्षी तिच्या एका मैत्रिणीने तिला लहान मुलांच्या मैदानी स्पर्धांना मदतीला ओढून नेलं आणि तेव्हापासून ती शनिवारी तिथे जाते. स्वतः धावत नाही, मुलांना रांगेत उभं करते. मागच्या शनिवारी मी तिला सोडायला गेले आणि वॉटलची पिवळी भुकटी उडवणाऱ्या वाऱ्यात, शर्यत संपते त्या टोकाशी खुर्ची टाकून बसले.

बारा वर्षांखालच्या मुलींची शर्यत होती. रांगेत एक मुलगी पायघोळ पँट आणि डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ अशी उभी होती. एक वयस्क पंच तिच्यापाशी गेले, वाकून काहीतरी बोलले. चेहऱ्याने ते प्रेमळ दिसत होते. मुलगी मान खाली घालून रांगेतून बाहेर निघाली. मैत्री मध्ये आली. लांबून मला शब्द ऐकू येत नव्हते. पंच हातवारे करून समजावत होते, बहुधा गणवेशाचं. पुढच्या वेळी नक्की, असंही असेल. मैत्री नाही-नाही अशी मान हलवत होती. मग ती गेली आणि पहिल्या लेनमध्ये, मुलींच्या पुढ्यात, हाताची घडी घालून उभी राहिली. शर्यत सुरूच करता येईना. पालक घड्याळं बघू लागले. कुणीतरी ओरडलं, "कम ऑन, मेट!" मैत्री हलली नाही. एवढ्या लांबूनही मला दिसलं की तिने दंड घट्ट पकडलेत.

शेवटी पंचांनी खांदे उडवले आणि त्या मुलीला आत यायची खूण केली. मैत्री लेनमधून बाजूला झाली.

मुलगी पळाली आणि शेवटची आली. इतरांच्या खूप मागे, धापा टाकत, तोंड लालबुंद. कर्ण्यावरच्या माणसाने क्रमाने नावं पुकारली. पहिलं, दुसरं, करत-करत शेवटी तिचं, आणि ते त्याने पार मोडून-तोडून उच्चारलं. ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी होती. तशीच त्याच्या टेबलापाशी गेली.

"नूरिया," ती त्याला म्हणाली. "नूऽरिया."

त्याने कर्णा पुन्हा तोंडाशी धरला, आणि या वेळी नीट म्हटलं.